गादी फाटली! टाका, कात्री की काहीच नाही?

११ जुलै २०२५, मोनॅको. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावत होता. पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला आणि शर्यत तिथंच संपली. पुढं निघालं ते असं: गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर तुटलेला, सोबत मेनिस्कसलाही इजा. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

एसीएल हा शब्द क्रिकेट-कबड्डीमुळं आता गावोगावी पोचलाय. मेनिस्कस मात्र अजून एमआरआयच्या रिपोर्टातच राहतो. बोलताना आपण 'गादी' म्हणतो. गादी फाटली, गादी घासली, आणि अगदीच वैतागलो की 'वाटी गेली'. (वाटी वेगळी बरं का. पुढून हाताला लागतं ते हाड म्हणजे वाटी. आणि मणक्यातली गादी आणखी तिसरीच. 'गादी सरकली' म्हणणाऱ्याला आधी 'कुठली?' असं विचारावं लागतं ते यामुळंच.) तर ही गुडघ्यातली गादी, तिची चक्रम हकीकत, आणि ती फाटल्यावर सर्जन तिचं काय काय करतात, ते बघू.

गादी नव्हे, चुंबळ

प्रत्येक गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात. मेनिस्कस या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ छोटी चंद्रकोर. आतल्या बाजूची गादी उघड्या कोरीसारखी, बाहेरच्या बाजूची जवळपास गोल, एका जागी फुटलेल्या बांगडीसारखी.

प्रत्यक्ष पाहायची असेल तर रविवारी मटणाच्या दुकानात बोकडाच्या मागच्या पायाचा गुडघा सांध्यातून उघडायला सांगा. दोन हाडांच्या मधे पांढरी, बुळबुळीत, चिवट चकती दिसेल. बाहेरच्या कडेला जाड, आत येता येता कागदासारखी पातळ. नखानं दाबा, किंचित दबते. ओढा, तुटता तुटत नाही. बोकडाचं सोडा, मेंढीचा गुडघाही आपल्या गुडघ्याशी इतका मिळताजुळता आहे की मेनिस्कसवरचं कितीतरी संशोधन मेंढ्यांवर झालंय.

या चकतीचं काम कळायला डोक्यावरची घागर आठवा. घागरीचं बूड गोल, डोकं जवळपास सपाट. मधे चुंबळ नसेल तर सगळा भार एका टिचभर जागेवर येतो आणि घागर डुगडुगते ती वेगळीच. मांडीच्या हाडाची टोकं गोल, नडगीच्या हाडाचा माथा सपाट, आणि मधे या दोन चुंबळी. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा जवळपास निम्मा भार त्या झेलतात. गुडघा काटकोनात वाकला की सुमारे ८५ टक्के.

बरं, या चुंबळी जागच्या जागी ठोकलेल्या नाहीत. गुडघा वाकवला की मागं सरकतात. बाहेरची सुमारे ११ मिलिमीटर, आतली जेमतेम ५. आणि गंमत अशी की जी कमी सरकते तीच जास्त वेळा फाटते. बाहेरची वेळेवर बाजूला होते, आतली जागा धरून बसते आणि दोन हाडांच्या मधे चेंगरते.

काही जणांच्या गुडघ्यात जन्मतः कोर नसते, पौर्णिमाच असते. गादी पूर्ण गोल, चकतीसारखी. जपान-कोरियाकडं, एकूणच आशियात, हे प्रमाण जास्त. अशा काही लेकरांचा गुडघा चालताना कटकट वाजतो. त्रास झाला तरच सर्जन मधला भाग कोरून काढतात आणि पौर्णिमेची कोर करतात.

फाटायला लागतं तरी काय?

पाय जमिनीत रोवलेला, गुडघा वाकलेला, आणि वरचं धड गर्रकन फिरलेलं. बस्स. कबड्डीत चढाईवरून परतताना, आखाड्यात ढाक मारताना, शेताच्या बांधावरून उडी मारताना हे तिन्ही एका क्षणात जुळून येतं.

स्टीपलचेस तर या तिन्हींची जत्राच. पुरुषांच्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जाडजूड लाकडाचा. साध्या हर्डलसारखा धक्का लागला म्हणून तो आडवा होत नाही, आडवा होतो तो धावणारा. पाण्याच्या खड्ड्याशी तर त्या लाकडावर पाय देऊन झेप घ्यायची, एका पायावर पाण्यात उतरायचं आणि त्याच पायानं लगेच पुढं उसळायचं. थकलेल्या मांड्या, ओला बूट आणि सगळं अंग एका गुडघ्यावर. मांडव्याचा हा गडी आधी सैन्यात महार रेजिमेंटमध्ये होता, सियाचीनला राहून आलेला. त्यानं २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. इतक्या वर्षांत त्या गुडघ्यानं किती वेळा पाणी ओलांडलं असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

आधी टाका, मग घोडचूक

फाटलेली गादी शिवायची ही कल्पना आजची असावी असं वाटतं ना? १६ नोव्हेंबर १८८३ ला एडिंबरात थॉमस अ‍ॅनंडेल या सर्जननं एका खाणकामगाराचा गुडघा उघडला आणि सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. खाणीत दिवसभर गुडघ्यांवर बसून कोळसा फोडणाऱ्या माणसाची गादी, आणि तिच्यावर जगातला पहिला नोंदलेला टाका. सुमारे दहा आठवड्यांनी गडी कामावर परतला.

मग सगळ्या जगानं हेच करायला हवं होतं. केलं उलटंच. काही वर्षांतच लंडनच्या जॉन ब्लँड-सटन यांनी लिहून टाकलं, की गुडघ्यातल्या या चकत्या म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते, पुढं इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले. मोठ्या माणसाची चूकही मोठी चालते. पन्नासेक वर्षं सर्जन मंडळी गादी फाटली की अख्खी उपटून काढत राहिली. कचऱ्याचं काय एवढं!

गाडी रुळावर आली १९४८ ला. टी. जे. फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पुढं पुढं बघितले. हाडाला कंगोरे फुटलेले, सांध्यातली फट चेपलेली, गोलाई सपाट झालेली. चुंबळ काढून घागर ठेवल्यावर दुसरं काय होणार? हे बदल आजही 'फेअरबँकचे बदल' म्हणूनच शिकवतात. तरीही 'पूर्ण काढा'ची सवय सुटायला आणखी दोन-तीन दशकं गेली. सवयी सर्जनांच्याही असतात.

लाल पट्टा, पांढरा पट्टा

गादी शिवली तर जुळेल का, याचं उत्तर एका शब्दात आहे: रक्त.

मेलबर्नच्या डॉन किंग यांनी १९३६ ला कुत्र्यांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. चीर आतल्या भागात दिली तर ती तशीच राहायची, बाहेरच्या कडेला जाऊन मिळाली तर भरून यायची. कारण पुढं नीट कळलं: गादीला रक्त पोचतं ते फक्त बाहेरच्या कडेच्या दहा ते तीस टक्के भागात. हा 'लाल' पट्टा. आतली पातळ धार रक्ताविना, ती 'पांढरी'. मधला दोन्हींच्या सीमेवरचा. जन्मतः मात्र अख्ख्या गादीत रक्तवाहिन्या असतात. दहाव्या वर्षापर्यंत त्या मागं हटत हटत कडेला जातात. पोरांचं सगळंच कसं पटकन भरून येतं, त्यातला थोडा भाग हा.

म्हणून एमआरआय बघताना सर्जनचा पहिला प्रश्न 'किती फाटली?' हा नसतो. 'कुठं फाटली?' हा असतो. शेताला पाटाचं पाणी कुठवर चढतं ते माहीत असलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता एक भारी गोष्ट. नुसती गादी शिवली तर जुळण्याची जेवढी शक्यता, त्याहून जास्त शक्यता एसीएल सोबत नवा बसवला तर. कारण एसीएलसाठी हाडाला बोगदा पाडतात, त्यातून रक्त आणि मज्जा सांध्यात उतरते आणि गादीच्या टाक्याला आयतं खत मिळतं. हे बघून सर्जन आता नुसत्या गादीच्या ऑपरेशनातही मुद्दाम हाडाला छोटी छिद्रं पाडतात, थोडं रक्त यावं म्हणून. एक जखम दुसरीच्या उपयोगी पडते.

बादलीची कडी आणि पोपटाची चोच

ही टोपणनावं कुणा गंमत्या माणसानं ठेवलेली नाहीत, रिपोर्टात खरोखर अशी नावं येतात. गादी लांबीनं चिरली आणि आतला तुकडा सुटून मधे आला की 'बकेट हँडल', म्हणजे बादलीची कडी. ही कडी हाडांच्या मधे अडकते आणि गुडघा सरळच होत नाही. दारात खडा अडकावा तसा. असा अडकलेला गुडघा घेऊन 'दोन दिवस चोळून बघू' म्हणत बसू नये. इथं वेळ महत्त्वाचा, आणि ही चीर बऱ्याचदा लाल पट्ट्याजवळ असते, म्हणजे शिवण्याजोगी.

तिरकी चीर असेल तर 'पॅरट बीक', पोपटाची चोच. तिचं टोक लोंबत राहतं, चालताना टोचतं. ही बहुधा पांढऱ्या भागात, म्हणून कात्री.

खाली बसणाऱ्यांच्या देशातून आलेली दुर्बीण

हा तर आपल्या जिव्हाळ्याचा किस्सा. १९१८ ला टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय बघायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. कशासाठी? तेव्हा क्षयामुळं गुडघे आखडायचे, आणि जपानात आखडलेला गुडघा म्हणजे जमिनीवर बसता न येणं, म्हणजे चारचौघांत बसायची सोयच गेली. आजार आधीच दिसावा म्हणून ही धडपड. जेवायला, पूजेला, पंगतीला खाली बसणारेच गुडघ्यात डोकावणार. खुर्चीवाल्यांना काय पडलंय!

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५९ च्या सुमाराला 'नंबर २१' नावाची दुर्बीण बनवली. तिच्या टोकाला चक्क इवलासा बल्ब होता आणि तो कधी कधी गुडघ्यातच फुटायचा. १९६२ ला याच वातानाबेंनी दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा काढला. रुग्ण १७ वर्षांचा बास्केटबॉलपटू. १९६९ ला हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा टाका घातला. एडिंबरातला टाका टोकियोत पुन्हा भेटायला ८६ वर्षं लागली.

आज ऑपरेशन टेबलावरचं दृश्य असं. कमरेखाली भूल. वाटीच्या खाली दोन बाजूंना दोन भोकं, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढं. एकातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. वर सलाईनच्या मोठ्या पिशव्या टांगलेल्या, गुडघा आतून पाण्यानं फुगवलेला. पडद्यावर दिसतं ते एखाद्या स्वच्छ विहिरीच्या तळासारखं: पांढरीशुभ्र हाडं, मधे तरंगणारे धागे, आणि फाटलेल्या जागी लव्हाळ्यासारखे हलणारे तंतू. सर्जन आधी एक बारीक आकडा घेऊन गादी उचलून, ओढून बघतात. माणूस जागा असेल तर त्यालाही पडद्यावर स्वतःचा गुडघा आतून दिसतो. काही जण मोठ्या हौसेनं बघतात, काही डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल करतात.

कात्री

फाटका, न जुळणारा तुकडाच तेवढा कापून कड गुळगुळीत करायची. याला पार्शल मेनिसेक्टोमी म्हणतात. ऑपरेशन झटपट, त्याच दिवशी पायावर भार, चार-सहा आठवड्यांत बहुतेक कामं सुरू. ऐकायला झकास. पण चुंबळ जेवढी कमी केली तेवढा भार हाडावर, आणि हिशेब पुढच्या दहा-पंधरा वर्षांत येतो. म्हणून हल्ली सर्जन कंजूष शिंप्यासारखे कापतात.

टाका

टाका घालायच्या तीन तऱ्हा. आतून बाहेर: लांब लवचीक सुया सांध्यातून बाहेर काढून कातडीखाली गाठ. बाहेरून आत: हे गादीच्या पुढच्या भागाला सोयीचं. आणि सगळंच आत: इवले अँकर आतल्या आत अडकवून दोरा ओढायचा. तिसरी तऱ्हा सुटसुटीत, पण एकेका अँकरची किंमत हजारांत. शिलाईपेक्षा बटणं महाग, असा हा कारभार.

खरी परीक्षा नंतर. चार-सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या, गुडघा काटकोनापुढं वाकवायचा नाही, साधारण चार महिने उकिडवं बसायचं नाही, खेळ सहा महिन्यांनंतर. आणि एवढं करूनही काही टाके उसवतात, पुन्हा ऑपरेशन लागतं. तरीही तरुण माणसाची लाल पट्ट्यातली चीर असेल तर सर्जन टाक्यावर अडून बसतात, आणि बसायलाच हवं.

मुळापासून उपटली

पन्नाशीतली बाई चुलीपुढून उठते, नाहीतर परळीला वैद्यनाथाच्या पायऱ्या उतरते, आणि गुडघ्याच्या मागं 'कट्ट' आवाज येतो. मग कळ. ही बऱ्याचदा गादीच्या मुळाची, जिथं ती हाडाला चिकटलेली असते तिथली, फाट. गादी अख्खी दिसते, पण दावं सुटलेल्या बैलासारखी जागा सोडते. २००८ च्या एका अभ्यासात दिसलं की मूळ तुटलं तर सांध्यावरचा दाब अख्खी गादी काढल्याइतका वाढतो. खोल उकिडवं बसणाऱ्या आशियाई लोकांत ही फाट जास्त दिसते. उपाय: नडगीच्या हाडातून बोगदा पाडून दोऱ्यानं मूळ खाली ओढून बांधायचं. पण सांधा आधीच झिजला असेल तर हे बांधकाम टिकत नाही.

अन् गादी आधीच काढून टाकलेली असेल तर? मृत दात्याची गादी बसवता येते. १९८४ ला जर्मनीत हे पहिल्यांदा केलं गेलं. किडनीसारखी जुळवाजुळव लागत नाही, फक्त माप जुळायला हवं. मात्र हे निवडक तरुण रुग्णांसाठीच. सांधाच पार गेला असेल तर वाट कृत्रिम गुडघ्याकडं जाते. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' गुडघा बनवला तो आपल्यासारख्या मांडी घालणाऱ्यांना डोळ्यापुढं ठेवून.

लुटुपुटूचं ऑपरेशन

सगळ्यात मजेदार प्रकार फिनलंडचा. २०१३ ला तिथल्या डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाचे, झिजून गादी फाटलेले १४६ रुग्ण घेतले. निम्म्यांची गादी खरोखर छाटली. उरलेल्यांचं नाटक केलं: दुर्बीण घातली, हत्यारं मागितली, सक्शनचा आवाज केला, वेळही तेवढाच घालवला, कापलं मात्र काही नाही. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच बरे! २०१७ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटानं झिजेच्या गुडघ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये असाच सल्ला दिला.

आणखी एक. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्क्यांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखलाच नव्हता! म्हणजे पन्नाशीनंतरची फाट ही बऱ्याचदा केस पिकण्यातला प्रकार. तेव्हा रिपोर्टात 'टिअर' शब्द दिसला म्हणून गुडघ्याला बाशिंग बांधून ऑपरेशनच्या टेबलाकडं धावायचं कारण नाही. आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन, आणि दोन-तीन महिने धीर. अडकलेला गुडघा आणि तरुणपणी पिळून फाटलेली गादी, यांची गोष्ट मात्र वेगळी.

कोयता अर्धा झाला की

अंबाजोगाईला १९७४ पासूनचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख. अशा कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या ओपीडीत बीडचा गुडघा येतो तो पायऱ्या किंवा पाण्याचा खड्डा ओलांडून नाही, उसाच्या फडातून येतो.

मुकादमाच्या वहीत 'कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली जाते ती कोयत्याला. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. फळीवर पाय घसरला, अंग फिरलं, की पाय रोवलेला, गुडघा वाकलेला, धड गर्रकन. वर सांगितलेले तिन्ही प्रकार एकदम. आणि डोक्यावर चुंबळ असून उपयोग नाही, फाटते ती आतली.

आता बघा पेच. सर्जन म्हणतात शिवू, गुडघा पुढं टिकेल. टाका म्हणजे चार-सहा महिने काम बंद, म्हणजे हंगाम गेला आणि उचल अंगावर. कात्री म्हणजे सहा आठवड्यांत पुन्हा फडात, पण पंचेचाळिशीत गुडघा झिजलेला. साबळेच्या गुडघ्यासाठी सहा-आठ महिने थांबता येतं. इथं लाल पट्टा आणि पांढरा पट्टा बघून झाल्यावर वहीतला आकडाही बघावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. पण योजना ऑपरेशनची असते, बुडालेल्या मजुरीची नसते.

तारखा मांडून पाहिल्या तर एक फट सापडते. टोळ्या साधारण पाडव्याच्या आगेमागे परततात आणि दसरा-दिवाळीला पुन्हा निघतात. मधे सहा महिने. टाक्याला लागतात तेवढेच. पाडव्याला गुडघा शिवला तर दसऱ्यापर्यंत फळी चढण्याजोगा होतो, निदान कागदावर तरी. अडचण एकच. मृगात पेरणी येते, आषाढात खुरपणी येते, आणि खुरपणी उभ्यानं होत नाही. चार महिने उकिडवं बसायचं नाही म्हटलं की बाई डॉक्टरकडं बघते, मग नवऱ्याकडं, आणि विचारते, "मग खुरपायचं कुणी?"